मायाप्पाचा ट्रक

गणित सोडवायच्या आधी गणिताशी भांडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सांगलीला शिकत असताना दोन वर्षं तो माझ्या खोलीत होता. पुढे मी साताऱ्याच्या एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवण्यात जन्म काढला, आणि दर वर्षी गतीचा धडा आला की ते गणित फळ्यावर मांडणं मला भागच पडलं. एक मोटार रस्त्याच्या कडेला उभी आहे. शेजारून एक ट्रक एकसारख्या वेगाने निघून जातो. त्याच क्षणी मोटार सुटते आणि वेग वाढवत जाते, तर ती ट्रकला कधी गाठेल? बेताच्या पोरालाही चार ओळींत सुटतं. मायाप्पा कोळेकरला ते सुटलं नाही, आणि त्यापायी त्याचं जे झालं ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

मायाप्पा कवठे महांकाळच्या पलीकडच्या माळावरचा, धनगराचा. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. मी कॉलेजात नवा आलो तेव्हा तो इंटर सायन्सला एकदा आपटलेला होता, आणि माझं पहिलं वर्ष सरेपर्यंत दुसऱ्यांदा आपटला. बाकी विषयांत तरून जायचा. प्राणिशास्त्रात तर बेडूक फाडायला त्याच्या शेजारची जागा मिळावी म्हणून पोरं धडपडायची. फिजिक्सने मात्र दोन्ही वेळा घात केला. त्याला ढोरांचा डॉक्टर व्हायचं होतं. लहानपणी एका पावसाळ्यात त्यांचा निम्मा कळप रोगाने गेला, आणि तालुक्याहून डॉक्टर आला तो मेंढरं पुरून झाल्यावर.

"आला, चा पिला, आन गेला," मायाप्पा सांगायचा. "तवाच ठरीवलं, आपुन डाक्टर व्हायचं. आन चा मागनं प्यायचा."

इंटर पास झालं की ढोरांच्या डॉक्टरीच्या कॉलेजात जागा मिळण्यासारखी होती. मध्ये आडवं पडलं होतं ते एकटं फिजिक्स. आणि तिसरी खेप शेवटची, हे घरून ठरून आलं होतं. या साली पास, नाहीतर पुस्तकं बांधायची आणि मेंढरांमागे जायचं.

कृष्णेच्या घाटाजवळ आमची एक लांबट खोली होती. मी वाईचा, म्हणून माझं नाव त्याने कधी घेतलंच नाही, वाईकर म्हणूनच हाक मारली. मी नदीच्या गप्पा मारायला लागलो की म्हणायचा, "तुमच्याकडं कृष्णा ल्हान हाय, हितं मोटी हाय, आन आमच्याकडं न्हाईच. तवा गप ऱ्हा." खोलीत त्याच्या वाटणीला एक खाट होती, तिच्यावर पुस्तकं झोपायची. हा खाली घोंगड्यावर. बसून वाचलं की झोप येते असं त्याचं म्हणणं, म्हणून खिडकीशी उभा राहून वाचायचा. तेही कसं, तर एक पाय दुसऱ्या गुडघ्याला टेकवून, बगलेत माझी छत्री रोवून. माळावर काठीला रेलून उभं राहायची सवय ती, सुटणार कशी? माझ्या छत्रीचं टोक त्याने झिजवून बोथट केलं.

आणि भांडण सुरू व्हायचं. पुस्तक इंग्रजी. तो एकेक शब्द मोठ्याने वाचायचा, थांबायचा आणि पुस्तकालाच विचारायचा, "कुठनं निघालीया ही गाडी?"

"मायाप्पा, ते दिलेलं नाही. लागत नाही."

"लागत न्हाई कसं? गाडी सुटली म्हंजे कुठनं तरी सुटली आसंल. बरं, मिरजंतनं सुटली म्हन. आन ट्रक तासगावचा. द्राक्षं न्हेतोय." मग ट्रकमध्ये द्राक्षं भरल्याशिवाय त्याला पुढची ओळ वाचवत नसे. पुस्तकातली मोटार सिग्नलपाशी उभी असायची. सिग्नल आम्हा दोघांनीही पाहिला नव्हता. मी मुंबईला पाहिलाय असं ठोकून दिलं, तर म्हणाला, "तांबडा दिवा बघून थांबती आन ट्रक मातुर न्हाई थांबत? त्येला पोलिसानं धरला पायजे." सरळ सूत्र मांडून मोकळं व्हावं हा माझा स्वभाव. त्याच्याबरोबर एक गणित सोडवणं म्हणजे एक तंटा मिटवणं होतं.

पण एकदा असंच भांडता भांडता त्याने माझ्या लक्षात न आलेली एक गोष्ट काढली. वेगवेगळे आकडे घालून त्याने तेच गणित पुन्हा पुन्हा केलं. मोटार सावकाश वेग घेवो की झपाट्याने, ती ट्रकला गाठते त्या घडीला तिचा वेग ट्रकच्या बरोबर दुप्पट असतो. सूत्रात ते सरळ आहे. पण मी सूत्रात पाहिलं नव्हतं, त्याने रस्त्यावर पाहिलं. छत्री बाजूला ठेवून तो घोंगड्यावर बसला.

"म्हंजे बग वाईकर, मागनं सुटनाऱ्यानं दुप्पट पळायचं, तवा कुठं नुस्ती गाठ पडती. म्होरं जायाचं आजून लांबच ऱ्हायलं."

मला गंमत वाटली. त्याला वाटली नाही. त्या दिवशी तो जेवायलाही उठला नाही.

या तिसऱ्या खेपेला मीही त्याच्याबरोबर इंटरच्या वर्गात होतो. आमचे फिजिक्सचे पेठेसर शिकवण्यात मोठे तरबेज. खडू न मोडता अख्खा फळा भरायचे. एकदा त्यांनी आगगाड्यांचं गणित घातलं: एक गाडी दुसरीला मागून येऊन पूर्ण ओलांडून जायला किती वेळ लागेल. दोन्ही गाड्यांच्या लांब्या दिलेल्या. आम्ही वह्यांत डोकी खुपसली तोवर मागच्या बाकावरून मायाप्पाने उत्तर सांगितलं. कागदही घेतला नव्हता. सर खूश झाले. "कोळेकर, नापास कसे होता हो तुम्ही?" असं भर वर्गात म्हणाले आणि हा कानापर्यंत हसला.

पुढच्याच आठवड्यात कळलं कसा होतो ते. सरांनी मोटार-ट्रकचं गणित घातलं आणि मोठ्या भरवशाने यालाच फळ्यावर बोलावलं. मायाप्पाने आधी दोन चौकोन काढले, एक मोटारीचा, एक ट्रकचा. समीकरण नीट मांडलं, गाठ पडायची वेळ काढली. तिथे थांबला असता तर टाळ्या पडल्या असत्या. पण तो पुढे लिहायला लागला.

"हे काय मिळवताय?"

"ट्रकाची लांबी, सर. आन गाडीची."

"लांबी दिली आहे का गणितात?"

"दिली न्हाई. पन आसंल की. बिनलांबीचा ट्रक कुटं आसतोय?"

वर्ग फुटला. सर वाईट माणूस नव्हते. हसू आवरून त्यांनी समजावलं की इथे ट्रक हा एक बिंदू समजायचा, मोटारही बिंदू. बिंदूला लांबी नसते. मायाप्पा खडू हातात घेऊन उभाच.

"बिंदू म्हनल्यावर त्येला तोंड आन बूड एकच झालं, सर."

"अगदी बरोबर."

"मंग त्यो ट्रक न्हवं."

या वेळचं हसणं जिन्यापर्यंत गेलं असेल. मायाप्पा जागेवर येऊन बसला. मान ताठ होती, कानशिलं तेवढी काळवंडली होती. मला वाटलं, हट्टी आहे झालं. मेंढराच्या मागे फिरलेल्या डोक्यात बिंदू शिरत नाही, असंही एकजण कुजबुजला, आणि माझंही मत त्याहून फारसं वेगळं नव्हतं.

माघ सरता सरता त्याचे लोक मेंढरं घेऊन सांगलीकडे आले. पूर्वेला चारा संपला की ते दर साली कृष्णाकाठाला उतरत. हरिपूरच्या बाजूला एका शेतकऱ्याने हळद काढून मोकळ्या झालेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवून घेतली होती. एका रविवारी मायाप्पा मला तिकडे घेऊन गेला. वाघरीच्या जाळ्यात मेंढरं कोंडलेली, बाहेर तीन दगडांची चूल. मायाप्पाने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, जिभेने टाळूवर कसलासा आवाज काढला, आणि सगळा कळप मान वळवून त्याच्याकडे बघायला लागला. कॉलेजात मी पाहिलेल्या दोन वर्षांत त्याच्या शब्दाला तेवढा मान कुणी दिला नसेल.

त्याच्या वडिलांना सगळे आबा म्हणत. सुजलेल्या गुडघ्यांवर हात रेटत ते उठले आणि मला घोंगडं टाकलं.

"बसा पावनं. शेळीच्या दुदाचा चा हाय, चालतंय न्हवं?"

मोठा भाऊ सिदाप्पा चुलीपाशी होता. चहा द्यायला उठला तेव्हा दिसलं, त्याचा एक पाय मांडीपासून बाहेर फेकला जात होता. मायाप्पा मेंढरांत गेला तसे आबा माझ्याजवळ सरकले.

"आवं, एक इचारू का? ह्ये पोरगं ज्यात आडतंय, ते फिजिक का काय, त्यात आसतंय तरी काय?"

मी सोपं करून सांगितलं. "गाड्या कशा पळतात, आबा. एक दुसरीच्या पुढे कशी जाते, त्याची गणितं असतात."

आबांनी सिदाप्पाच्या पायाकडे हात केला.

"त्ये आमास्नी ठावं हाय."

आणि त्यांनी सांगितलं. कराडच्या वाटेने कळप चालला होता. सिदाप्पा सगळ्यांच्या पुढे, आबा मागे, मायाप्पा मधे. मागून ट्रक आला, मेंढरांच्या कडेने त्याने गाडी पुढे काढली. "तोंड सिदूच्या म्होरं ग्येलं, आन तेवढ्यात समोरनं यस्टी आली. डायव्हरला वाटलं, सुटलो आपुन. वळीवला आत. तोंड सुटलं हुतं वो. बूड कुटं सुटलं हुतं?" मागच्या चाकाखाली चार मेंढरं आणि सिदाप्पाची मांडी गेली. हाड सांधलं ते वाकडं. चूल राखतो, कोकरं सांभाळतो, पण कळपाबरोबर कोसभर चालवत नाही.

"मी किती दीस रेटनार?" आबा गुडघे चोळत म्हणाले. "म्हून म्हनलं ह्येला, ह्यी साल शेवटची. माजा जीव तुटतोय, पावनं, पन मेंढरांनी कुनाच्या मागनं जायाचं? हुईल का पास? खरं सांगा."

"होईल आबा. मी करून घेतो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? म्हातारा माझ्याकडे असा बघत होता की विद्यापीठच माझ्या खिशात आहे.

परत येताना हरिपूरच्या चिंचांखाली मी मायाप्पाला म्हटलं, "हे तू कधी बोलला नाहीस."

"तुज्या पुस्तकात कुटं हाय त्ये?" म्हणाला, आणि झपझप पुढे चालायला लागला.

त्या दिवसापासून मी त्याच्या मानगुटीवर बसलो. ट्रकचा चौकोन काढायचा नाही, ठिपका काढायचा. तो ठिपका काढायचा, आणि माझी नजर चुकवून त्याला मागे एक बारीक रेघ जोडायचा.

"हे काय?"

"काय न्हाई. पेन वडलं."

"मायाप्पा, हा ट्रक आहे की बेडकाचं पोर? खोड ती शेपटी!"

तो खोडायचा. पुढच्या गणितात पुन्हा शेपटी. मी ओरडायचो, तो ऐकून घ्यायचा. एकदा मी पुस्तक भिंतीवर फेकलं. त्याने ते उचललं, पान सरळ केलं आणि म्हणाला, "वाईकर, मला कळत न्हाई असं न्हाई रं. तोंड तोंडाला लागलं की हात आपसूक थांबला पायजे, त्यो थांबत न्हाई." मग खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि पाठ माझ्याकडे करून म्हणाला, "ह्या डावाला न्हाई झालं तर माजं सपलं." त्याचा आवाज तसा मी कधीच ऐकला नव्हता. मला भीती वाटली. माझ्या स्वतःच्या परीक्षेची वाटली नसेल एवढी.

आम्ही दोघांनी जिवाचं रान केलं. पहाटे घाटावर पायरीवर बसून तो ठिपके काढायचा. हळूहळू शेपटी आखूड झाली आणि परीक्षेच्या तोंडावर गेलीही. मी जुन्या प्रश्नपत्रिकांतली सगळी गाड्यांची गणितं त्याला घातली. एकूण एक बरोबर आली. मला एवढा आनंद झाला की गणपतीच्या देवळासमोर नेऊन त्याला पोटभर भडंग खायला घातलं. तो खात होता, हसत मात्र नव्हता.

फिजिक्सच्या पेपरात तेच गणित आलं. भरपूर मार्कांचं. शहरं नव्हती, द्राक्षं नव्हती, एक मोटार आणि एक ट्रक. मला तर प्रश्नपत्रिकेचा मुका घ्यावासा वाटला. घंटा झाल्यावर मी धावत त्याच्या हॉलपाशी गेलो. तो सगळ्यांच्या शेवटी बाहेर आला.

"आलं ना? सोडवलंस?"

"सोडीवलं. तू म्हनतुयास तसंच. बरूबर आलं."

मी त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

"मंग येळ ऱ्हायला," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"पेपर सपला, येळ ऱ्हायला. बगत बसलो त्या गनिताकडं. गाडी ट्रकाच्या बाजूला आलीया, तोंडाला तोंड. आन आपुन लिवलंय, झालं. सुटली. समोरनं यस्टी आली तर?"

"मायाप्पा, तू काय केलंस?"

"खोडलं. लांब्या दिल्या न्हवत्या, मी धरल्या. आन परत केलं सगळं. येळ पुरला न्हाई, मदीच घंटा झाली."

मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. कॉलेजच्या फाटकात, सगळ्या पोरांच्या देखत. गाढवापासून सुरुवात केली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायला मी आणखी मोठ्याने ओरडत होतो. त्याने सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाला, "ट्रकाला बूड आसतंय, वाईकर." जणू मला ते माहीत नव्हतं!

निकाल जूनमध्ये लागला. मी वाईहून आलो. मायाप्पा आणि आबा कवठ्याहून पहिल्या गाडीने आले होते. मेंढरं सिदाप्पाच्या आणि शेजाऱ्यांच्या भरवशावर टाकून म्हातारा स्वतः आला होता. धुतलेला फेटा, आणि उपरण्याच्या टोकाला बिरोबाच्या भंडाऱ्याची गाठ. पास झाल्याबरोबर तिथेच उधळायचा म्हणून. फळ्यापाशी एकच गर्दी होती. मायाप्पा पुढे गेला नाही. मी घुसलो. माझा नंबर सापडला. त्याचा नव्हता. वरून खाली, खालून वर बघितलं, नव्हता. नंतर कळलं, बाकी सगळ्यांत पास, फिजिक्समध्ये थोडक्यात गेला होता. ते एक गणित जसंच्या तसं राहू दिलं असतं तर निघाला असता.

माझं तोंड पाहून मायाप्पाने ओळखलं. आबांना मात्र सांगावं लागलं.

"परत बगा की, पावनं," आबा म्हणाले. "गर्दीत चुकलं आसंल."

मी परत गेलो. परत येऊन मान हलवली. आबा तिथेच पायरीवर बसले. थोड्या वेळाने त्यांनी उपरण्याची गाठ सोडली. मला वाटलं, आता भंडारा मातीत टाकतात. त्यांनी चिमूट घेतली आणि उभ्या पोराच्या कपाळाला लावायला हात वर केला. पोरगं उंच, हात पोचेना. मायाप्पा खाली वाकला.

"आनी एक डाव बस," आबा म्हणाले. "मी बगतो मेंढरांचं. काढीन ह्यी साल कशीबशी. बस तू."

मी चमकलोच. शेवटची, शेवटची म्हणणारा माणूस हा. मी मायाप्पाचा दंड धरला. "ऐक, ऐक त्यांचं! मी आहे इथे, आपण पुन्हा करू."

मायाप्पाने कपाळाचा भंडारा पुसला नाही. "न्हाई, आबा. परत बसलो तरी मी तसंच लिवीन."

"आरं मंग दुसरं लिव की! ह्ये पावनं सांगत्यात तसं लिव!"

"लिवलं हुतं. मागनं खोडल्याबिगर ऱ्हावंना."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हनतंय ह्ये? तुमी सांगा ह्येला. शिकल्यालं हायसा तुमी." ज्या पोराने भावाची मांडी चाकाखाली जाताना पाहिली, त्याला ट्रकला लांबी नसते हे मी परीक्षेपर्यंत सांगून पाहिलं होतं. मला त्याचा संताप आला होता आणि त्याला मिठी मारून रडावं असंही वाटत होतं. यातलं काहीच मी केलं नाही. त्याची पुस्तकं खोलीवरून आणून देऊ का, एवढं विचारलं. "ऱ्हाऊ देत तुला," म्हणाला.

स्टँडवर कवठ्याची गाडी भरून उभी होती. मायाप्पाने आबांना काखेत हात घालून पायरीवर चढवलं आणि मागून स्वतः चढला. जागा एकच मिळाली, ती म्हाताऱ्याला. हा गर्दीत कुठेतरी उभा राहिला, माझ्याकडे पाठ करून असेल, मला चेहरा काही दिसला नाही. खिडकीत आबा दिसत होते. त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. वर मान करून, दोन्ही हात जोडून ते पोराला अजून काहीतरी विनवत होते, आणि गाडी मिरजेच्या रस्त्याला लागली तरी विनवतच होते.